खिल्लार म्हणजे कळप : बैल, वाट आणि कुरण यांचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या मित्राने आम्हाला फोन केला आणि विचारले, "अहो, तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक बैलांवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. पण आमच्या विषयाचे आणि गाईचे नाते फार जुने आहे. न्यायशास्त्रात 'जाती' म्हणजे काय हे समजावताना शतकानुशतके एकच उदाहरण दिले जाते, ते म्हणजे 'गोत्व'. प्रत्येक गाय वेगळी, तरी सगळ्यांना आपण गायच म्हणतो, ते कशाच्या बळावर? आणि गाईचे लक्षण काय, तर सास्ना. म्हणजे गळ्याखाली लोंबणारी पोळी. हे आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवले. पण ती गाय चरते कुठे, संध्याकाळी कोणत्या वाटेने घरी येते, हे एकाही विद्यार्थ्याने आम्हाला विचारले नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हालाही कधी हा प्रश्न पडला नाही. तो पडला गेल्या वर्षी, पोळ्याच्या दिवशी.

मराठवाड्यातल्या आमच्या आजोळच्या गावी आम्हाला पोळ्याच्या कार्यक्रमाला बोलावले होते. पाहुणे म्हणून. मांडव होता, ध्वनिक्षेपक होता, उत्कृष्ट बैलजोडीला बक्षीस होते. आमच्या लहानपणी या गावात पोळ्याला तोरणाखाली बैल मावत नसत. रांग पार वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जायची. या वेळी आम्ही मोजल्या, तर अकरा जोड्या. त्यातल्या चार शेजारच्या गावांतून आणलेल्या, त्याही छोट्या टेम्पोतून. बैल टेम्पोतून उतरले, त्यांच्या अंगावर झुली घातल्या, शिंगांना बेगड लावले, बाशिंगे बांधली, वाजतगाजत शंभर पावले चालवले, ओवाळले, पुरणपोळी खाऊ घातली, फोटो काढले आणि पुन्हा टेम्पोत चढवले.

आमच्या शेजारी एक म्हातारेबाबा बसले होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, बैलं हायेत. पर त्यांना चालाया वाट कुठं ऱ्हायली? सणाला बी गाडीत बसून येत्यात."

हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. वर्षभर त्यामागे लागून जे वाचले, पाहिले, विचारले, ते आज आपल्यापुढे मांडतो. सांगायचे आहे ते एवढेच: आपण सण करतो तो बैलाचा. पण इतिहासात बैल एकटा कधीच नव्हता. बैल, वाट आणि कुरण ही तिन्ही मिळून एक संस्था होती. त्यातली दोन आपण गमावली, आणि तिसऱ्याची पूजा करत बसलो आहोत.

आधी शब्दांपासून सुरुवात करू, कारण शब्द हा इतिहासाचा सगळ्यांत स्वस्त पुरावा असतो. खिल्लार म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर काय येते? पांढराशुभ्र, उंच, मागे झुकलेल्या लांब शिंगांचा, चपळ बैल. सोलापूर, सांगली, सातारा या भागाची शान. पण जुन्या मराठीत खिल्लार हे एका बैलाचे नाव नव्हतेच. खिल्लार म्हणजे गुरांचा कळप. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द याच अर्थाने आहे, आणि कळप राखणारा तो खिल्लारी. म्हणजे बघा, ज्या बैलाला आपण आज एक एकटा नमुना म्हणून उभा करून त्याची उंची मोजतो, त्याच्या नावातच कळप आहे! चालता, चरता, हिंडता कळप. आणि जिथे कळप आला तिथे त्याच्या चालण्याची जागाही आलीच.

आणखी शब्द घ्या. गावातली जनावरे सकाळी जिथे गोळा होत, तो आखर. शेतांच्या मधून बैल, गाड्या आणि माणसे जात, ती पाणंद. गावाने चराईसाठी सोडलेली जमीन, ते गायरान. राखून ठेवलेले गवत, ते कुरण. गुरे विकत घेऊन बाजारोबाजार हाकत नेणारा व्यापारी, तो हेडी. संध्याकाळी परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ, ती गोरज. लग्नपत्रिकेत आपण अजूनही 'गोरज मुहूर्त' छापतो. आता कार्यालयाबाहेर गाईही नसतात आणि धूळही नसते, मुहूर्त मात्र आहे. हे सगळे शब्द जागांचे आहेत, हालचालींचे आहेत. बैलाच्या अंगावर काय घालायचे याचे शब्द आपल्याकडे टिकले: झूल, बाशिंग, वेसण, घुंगुरमाळ. तो कुठून कुठे जातो याचे शब्द विसरले गेले.

आता इतिहासाकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेकाठी दायमाबाद म्हणून एक ठिकाण आहे. १९७४ साली तिथे एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथी वस्तू म्हणजे दोन बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा उभा माणूस. त्यांच्या नेमक्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, पण हे शिल्प कित्येक सहस्रकांपूर्वीचे आहे एवढे नक्की. महाराष्ट्रातल्या कलेच्या आरंभीच्या या नमुन्यांत बैल आहे, तो उभा नाही. तो निघाला आहे.

पुढे मध्ययुगात या. गावोगाव वीरगळ दिसतात. त्यातल्या पुष्कळ वीरगळांवर खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या असतात. गावाची गुरे शत्रूने पळवली, ती सोडवताना हा वीर पडला, असा त्याचा अर्थ. गोधन म्हणजे त्या काळची बँक होती, आणि ती चालती बँक होती. लुटारूंनी ती हाकत न्यायची, गावाने ती परत हाकत आणायची.

दामोदर धर्मानंद कोसंबी हे तर पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवणारे इतिहासकार. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या ग्रंथात त्यांनी एक धाडसी मांडणी केली. पावसाळ्यात एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे असे कळप घेऊन फिरणाऱ्या प्राचीन पशुपालकांच्या वाटा, आणि आपल्या पंढरीच्या पालख्यांच्या वाटा, यांच्यात नाते आहे असे ते म्हणतात. पुढे रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या १९८४ च्या ग्रंथात विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. या मांडण्यांवर वाद आहेत, ते असोत. पण ज्या वाटेवर आज माणसे चालतात, तिच्यावर आधी गुरे चालली असतील, ही कल्पनाच किती मोठी आहे! आपल्या सगळ्यांत मोठ्या सोहळ्याच्या पायाखाली एखादी गुरांची वाट असेल.

आता येऊ लमाणांच्या तांड्याकडे, कारण गुरे हाकण्याची कला या देशात कोणी पराकोटीला नेली असेल तर ती लमाणांनी, म्हणजे बंजाऱ्यांनी. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३२ साली आग्र्याहून पाटण्याकडे निघाला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला. त्यात बैल होते १४,०००, आणि सगळ्यांच्या पाठीवर धान्य. बायका-मुले, घरदार, सगळे त्यांच्याबरोबर. फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निये याच शतकात हिंदुस्थानभर फिरला. दहा-बारा हजार बैलांचे तांडे आपण पाहिल्याचे तो सांगतो, आणि असा तांडा आडवा आला तर प्रवाशाला दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे अशी तक्रारही करतो. कोणी धान्य नेई, कोणी तांदूळ, कोणी डाळी, कोणी मीठ. लमाण हा शब्दच लवण म्हणजे मीठ यावरून आला असे मानतात. कोकणातले मीठ देशावर आणि देशावरचे धान्य खाली, हा घाटातला व्यवहार बैलांच्या पाठीवरच चाले.

आता इतक्या बैलांना खाऊ काय घालायचे? चौदा हजार बैलांची वैरण बरोबर न्यायची म्हटली, तर ती वाहायला आणखी चौदा हजार बैल लागतील! याचे उत्तर मंडीने सहज जाता जाता नोंदवले आहे. तांडा दिवसाला सहा-सात मैलांपेक्षा जास्त चालत नसे, तेही थंड वेळी. ओझी उतरली की बैल चरायला सोडून देत. जमीन मुबलक होती, आणि कोणी मनाई करत नसे.

'कोणी मनाई करत नसे.' आम्हाला वाटते, आमच्या आजच्या विषयाची किल्ली या नोंदीत आहे. साम्राज्याची धान्यवाहतूक, सैन्याची रसद, दुष्काळात गाव जगवण्याची सोय, हे सगळे मनाई नसलेल्या गवतावर उभे होते. आजच्या भाषेत सांगायचे तर इंधन रस्त्याच्या कडेला उगवत होते आणि ते कोणाच्या मालकीचे नव्हते. १८०३ साली असईची लढाई झाली, आपल्या जालना जिल्ह्यात. तो जिंकणारा आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, दख्खनच्या त्या मोहिमेत धान्यासाठी लमाणांच्या तांड्यांवर विसंबून होता, आणि तोफा ओढायला म्हैसूरकडचे बैल होते.

त्या म्हैसूरच्या बैलांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. म्हैसूरचे राजे चिक्क देवराज वडियार यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस सरकारी गुरांचे एक खाते उभारले. हैदरअलीने ते वाढवले, टिपू सुलतानाने त्याला 'अमृत महल' असे नाव दिले. आजही त्या बैलांची जात याच नावाने ओळखली जाते, आणि आपल्या खिल्लारचे रक्ताचे नाते पशुशास्त्रज्ञ तिकडच्या हल्लीकर गुरांशी जोडतात. पण आम्हाला कौतुक वाटते ते बैलांपेक्षा त्यांच्या कुरणांचे. या कुरणांना तिकडे 'कावल' म्हणतात. हसन, चिक्कमगळुरू, तुमकुरू, चित्रदुर्ग या भागांत ती पसरलेली होती, आणि त्यांचे प्रकार ठरलेले होते: उन्हाळ्याची वेगळी, पावसाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. कळप एका कावलातून दुसऱ्यात हाकत न्यायचा, मागच्या कावलाला विश्रांती द्यायची. आज परदेशी पुस्तकांत 'आळीपाळीची चराई' म्हणून जे शास्त्र शिकवतात, ते इथे सरकारी खात्याच्या रोजच्या कामकाजात होते.

पुढची गोष्ट बोधप्रद आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले आणि हे खाते इंग्रजांच्या हाती आले. काही दशकांनी सरकारला वाटले की हा खर्च कशाला? १८६० साली काटकसर म्हणून कळप विकून टाकले. थोड्याच वर्षांत चूक उमगली आणि १८६६ साली पुन्हा कळप जमवून खाते सुरू करावे लागले. हे जमले याचे कारण कावले जागेवर होती. आज परिस्थिती उलटी आहे. बैलांचे वीर्य आपण नळकांड्यांत गोठवून ठेवू शकतो. पण चळ्ळकेरेजवळची कितीतरी कावलजमीन अलीकडे संरक्षण आणि विज्ञान संस्थांना देऊन टाकली गेली. बैल परत आणता येईल हो, कुरण कुठून आणणार?

मग ही संस्था मोडली कशी? लोक म्हणतात, ट्रॅक्टर आला आणि बैल गेला. हे अर्धसत्य आहे. मोडतोड ट्रॅक्टरच्या शंभर वर्षे आधी सुरू झाली.

पहिला घाव रेल्वेचा. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुटली, १८६३ साली ती बोरघाट चढली. ज्या घाटांतून मीठ आणि कापूस बैलांच्या पाठीवरून जात होता, तिथून तो डब्यांतून जाऊ लागला. याला आम्ही दोष देत नाही. नवे वाहन येणारच.

दुसरा घाव कायद्याचा, आणि त्यात एक विलक्षण योगायोग आहे. १८७१ हे एकच साल, आणि त्या एका सालात दोन कायदे. एक, गुरांच्या आगळिकीचा कायदा, ज्याने कोंडवाडा गावोगाव पक्का केला. भटकणारे जनावर दिसले की कोंडा आणि दंड करा. दुसरा, गुन्हेगार जमातींचा कायदा, ज्याने भटकणाऱ्या माणसांना जन्मतः संशयित ठरवले. पुढे ठिकठिकाणी लमाणांची नावेही त्या याद्यांत गेली. ज्यांच्या खांद्यावर दोन शतके सैन्ये जेवली, त्यांना पोलिसात हजेरी द्यावी लागू लागली, आणि त्यांतून त्यांची कायदेशीर सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. चालणारे जनावर आणि चालणारा माणूस, दोघेही एकाच वर्षी कायद्याच्या नजरेत गुन्हेगार झाले. मंडीने पाहिलेल्या जगात मनाई करणारा कोणी नव्हता. आता मनाई हाच नियम झाला.

पाठोपाठ १८७८ चा जंगल कायदा आला. डोंगर, दऱ्या, माळ राखीव झाले. याची झळ कोणाला बसली हे महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवले आहे. जंगलखात्याने गायराने आणि डोंगर आपल्या घशात घातले, गरीब शेतकऱ्याच्या शेळीलाही कुठे जागा उरली नाही, अशी त्यांची तक्रार आहे. बैल का खंगला, याचे कारण फुले बैलाच्या अंगात शोधत नाहीत. ते कुरणात आणि कचेरीत शोधतात. आम्हाला विचाराल तर या विषयावरचे ते मराठीतले पहिले शास्त्रशुद्ध निदान आहे.

तिसरा घाव मात्र आपला आपणच घातला, तो शब्दाने. माळरानाला आपण 'पडीक' म्हणू लागलो. महसुलाच्या भाषेत जिथे पीक नाही आणि झाडी नाही ते पडीक. मग तिथे झाडे लावा, कारखाने काढा, सौर पट्ट्या बसवा. मूळचे जंगल तोडून माळ झाला, अशी एक समजूत यामागे असते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, ओव्या, दंतकथा यांतले झाडागवतांचे उल्लेख तपासले गेले. पश्चिम महाराष्ट्रातले हे विरळ काटेरी झाडांचे गवताळ माळ किमान साडेसातशे वर्षांचे आहेत, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे चक्रधरस्वामी ज्या माळांवरून हिंडले, ते माळ तेव्हाही माळच होते. पडीक नव्हते, चरते होते.

आता जत्रा-प्रदर्शनांकडे येऊ. आपल्याकडे यांची परंपरा मोठी आहे. नांदेड जिल्ह्यात माळेगावची खंडोबाची यात्रा, तिथे लाल कंधारी आणि देवणी जनावरे येतात. आटपाडीच्या माणदेशात खरसुंडी, साताऱ्यात पुसेगाव, मुरबाडकडे म्हसा, अकोल्यात राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन. हे अकोले म्हणजे अहिल्यानगरचे, वऱ्हाडातले अकोला नव्हे. डांगी बैल पाहिलाय का आपण? काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, कातडीला तेलकट तुकतुकी, त्यामुळे सह्याद्रीचा मुसळधार पाऊस अंगावरून निथळून जातो. अशी जनावरे प्रयोगशाळेत घडली नाहीत. ती त्या डोंगरात, त्या पावसात, त्या गवतावर, आणि या जत्रांत घडली.

कारण जत्रा म्हणजे नुसता देखावा नव्हता. रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरायची. कोणत्या वळूचा गोऱ्हा कसा निघाला, कुठे पाऊस झाला, कुठे वैरण आहे, कोणत्या गावात खुरकूत आहे, ही माहिती तिथे मिळायची. आणि मुख्य म्हणजे जनावर जत्रेला चालत यायचे. आठ-आठ दिवसांची वाट चालून जो बैल ताजातवाना पोचला, त्याची परीक्षा तिथेच झाली! वाट हीच परीक्षक होती. आज परीक्षकांकडे तक्ता असतो: उंची, वशिंड, शिंगे, रंग, गळ्याची पोळी. म्हणजे आमचे नैयायिक पुन्हा आले! लक्षण बघून जाती ठरवणारे. आम्ही त्यांची चेष्टा करत नाही, लक्षणे हवीतच. पण लक्षण म्हणजे जनावर नव्हे.

शर्यतींचेही तसेच. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, २०१७ साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा ग्राह्य धरला. शर्यतीमुळे खिल्लार टिकला असे शौकीन म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. धावणाऱ्या बैलाला लाखांत किंमत येते. पण मग नांगराच्या, मोटेच्या, संथ चालीच्या बैलाचे काय? २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर ६.७९ कोटी होते, २०१९ मध्ये ते ४.७४ कोटी उरले. सात वर्षांत दोन कोटी बैल गेले. मैदानात धावणारे काही शे बैल हा खड्डा भरून काढू शकत नाहीत.

आता आपण म्हणाल, ठीक आहे, पण आज कुरणात गुरे चारून साधायचे काय? निसर्ग राखायचा तर गुरे बाहेरच हवीत ना? आम्हालाही हेच वाटत होते. दोन ठिकाणांनी आमचे मत बदलले.

पहिले राजस्थानातले भरतपूर, केवलादेव घना. पाणपक्ष्यांसाठी जगप्रसिद्ध. तिथे आसपासच्या गावांच्या म्हशी शतकाहून अधिक काळ चरत होत्या. राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली चराई बंद केली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. चराई थांबली की पक्षी वाढतील, असे तेव्हा जाणकारांनाही वाटत होते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दहा वर्षे अभ्यास केला. निघाले काय? म्हशी जे गवत खात होत्या ते बेसुमार माजले, उथळ पाणी गवताने गच्च भरले, आणि उघड्या पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांची जागाच आक्रसली. म्हैस त्या तळ्याची शत्रू नव्हती, ती त्याची माळीण होती. आपल्या समजुतीतली चूक उघड करणारा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडला, ही त्या संस्थेची थोरवी.

दुसरे ठिकाण आपलेच, साताऱ्याचे कास पठार. २०१२ साली ते जागतिक वारसा यादीत आले. फुले बघायला झुंबड उडाली. संरक्षणासाठी कुंपण घातले, गुरांची चराई थांबली. काही वर्षांत स्थानिक लोक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ सांगू लागले की फुले कमी होताहेत. तिथली पुष्कळ फुले बोटभर उंचीची. गुरे चरली नाहीत की गवत वाढते, बोटभर फुलाला ऊन मिळत नाही. शेवटी ते कुंपण काढावे लागले. कासच्या फुलांमागे कासच्या गाईगुरांचे तोंड होते, हे कुंपण घातल्यावर कळले.

पण थांबा. यावरून 'चरू द्या सगळीकडे' असा निष्कर्ष काढाल तर घात होईल. अति चराईने माळ उघडा पडतो, हेही तितकेच खरे. किती गुरे, कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि मग किती विसावा, यातच सगळे आहे. अमृत महलाच्या गुराख्यांना हे माहीत होते.

आणि एक अवघड गोष्ट बोललो नाही तर हे व्याख्यान अप्रामाणिक ठरेल. गायराने सगळी धनदांडग्यांनी लाटली असे नाही. मराठवाड्यात कित्येक गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबे दोन-दोन पिढ्या कसत आहेत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, ते याच भुकेसाठी. गायरान 'गावाचे' होते हे खरे, पण गावात कोणाचा आवाज मोजला जात होता? बैल ज्याच्या दारात तो मालक, आणि बैलामागे धावणारे पोर बहुधा शाळेबाहेरचे. आमच्या वर्गातला एक हुशार मुलगा चौथीनंतर गुरांमागे गेला तो परत आला नाही. म्हणून जुने जग परत आणा, असे आम्ही म्हणणार नाही. बैलाच्या नावाखाली कोणाच्या ताटातली भाकर काढायची असेल, तर तो सण आम्हाला नको. माणसाची जमीन आणि गुरांचे गवत यांचा हिशेब एकत्र, ग्रामसभेत, सगळ्यांसमोर मांडावा लागेल.

मग उत्सवांनी करायचे काय? फार मोठे काही नाही. बक्षीस बैलाला देता ना, मग एक बक्षीस कुरणाला द्या: ज्या गावाने आपल्या माळाचा एक भाग पावसाळ्यात राखला त्या गावाला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी निदान पाच-सहा मैलांवरून जनावरे पायी येऊ द्या, म्हणजे कोणती पाणंद कुठे बुजली हे गावाला डोळ्यांनी दिसेल. प्रदर्शनाच्या मांडवात खिल्लारच्या चित्राशेजारी गावाचा जुना नकाशा लावा. आणि लमाण, धनगर, गवळी, ठाकर, महादेव कोळी यांना नाचायला बोलावता, तसे बोलायलाही बोलवा. कळप हाकण्याचे, गवत ओळखण्याचे शास्त्र त्यांच्याकडे आहे. कार्यक्रमात त्यांना फेटा मिळतो, ध्वनिक्षेपक मिळत नाही.

शेवटचे थोडे घरचे बोलतो आणि आवरतो. १९७२ चा दुष्काळ आपल्यापैकी पांढऱ्या केसांच्या मंडळींना आठवत असेल. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. घरी वैरण संपली. वडिलांनी एकुलती बैलजोडी बाजारात नेली. जनावर विकले तरी दावे विकायचे नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. दावे घरी आणायचे, म्हणजे दावण रिकामी राहत नाही असे समजतात. वडील संध्याकाळी परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोन दावी होती. ते काही बोलले नाहीत, दावी खुंटीला अडकवली. पुढे त्या घरात बैल आले नाहीत. दावी अजून आहेत.

इतकी वर्षे आम्हाला वाटायचे की ती दावी म्हणजे गेलेल्या बैलांची आठवण. आता वाटते, वडील त्या दिवशी बैल विकायला गेले कारण आधी गवत गेले होते, आणि गवत गेले कारण गायरान त्याच्याही आधी गेले होते. दुष्काळ तर त्या मुलखात पूर्वीही पडत. तेव्हा लोक गुरे घेऊन वाटेला लागत, पाणी-गवत असेल तिकडे जात. आमच्या वडिलांना जायला वाट नव्हती. बाजार तेवढा होता.

येत्या पोळ्याला बैलाला ओवाळाल तेव्हा त्याला जरूर नमस्कार करा. आणि मग शेजारच्या माणसाला एवढेच विचारा, "हा आज इथवर कोणत्या वाटेने आला?" उत्तर द्यायला गाव अडखळले, तर काम कुठून सुरू करायचे ते आपल्याला कळेल.